जिथे ती घरची, तिथे मी पाहुणी

प्रति,
देशोदेशीच्या वकिलातींतले, परराष्ट्र खात्यांतले आणि इमिग्रेशन कचेऱ्यांतले अधिकारी

विषय : दुहेरी नागरिकत्व असलेल्या समलिंगी जोडीदारासोबत परदेशी राहायला जाण्याबाबत

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी आम्ही दोघी तुमच्यापैकी एकाच्या खिडकीपुढे उभ्या होतो. कोणत्या देशाची खिडकी, ते लिहीत नाही. आतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी जे सुचवलं ते चांगल्या मनाने सुचवलं, आणि म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय.

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात यादी उघडली : पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, सासू, सासरे, सून, जावई आणि सगळ्यात खाली 'इतर'. माझ्या बायकोने 'पत्नी'वर बोट ठेवलं. पण वरच्या रकान्यात अर्जदार 'स्त्री' असल्याची नोंद आधीच झाली होती, त्यामुळे 'पत्नी' ही ओळ करड्या रंगात गेली होती. दाबली तरी दबेना. बाईंनीही दोनदा दाबून पाहिलं. शेवटी त्यांनी 'इतर' निवडलं, तशी एक चिमुकली चौकट उघडली : 'तीस अक्षरांत स्पष्ट करा.' बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मैत्रीण लिहा ना. पर्यटक म्हणून लगेच होऊन जाईल."

आम्ही ते लिहिलं नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी आमची हकीकत. माझ्या बायकोकडे दोन पासपोर्ट आहेत. एका देशात ती जन्मली. दुसऱ्याचं नागरिकत्व तिने नंतर घेतलं, आणि पहिल्याने ते घेतलं म्हणून आपलं काढून घेतलं नाही. माझ्याकडे एकच पासपोर्ट, तो तिसऱ्याच देशाचा. आमचं लग्न तिच्या दुसऱ्या देशात रीतसर नोंदलेलं आहे, दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशातही कागद खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का आहे. आता आम्हाला तिच्या जन्माच्या देशात काही वर्षं राहायला जायचंय, कारण तिची आई थकली आहे आणि तिच्याजवळ कोणी नाही. त्या देशात आमच्यासारख्यांचं लग्न होत नाही, आणि बाहेर झालेलं धरतही नाहीत.

लोक आम्हाला म्हणतात, तुमचं बरं आहे, दोन-दोन पासपोर्ट. मलाही आधी तसंच वाटायचं. दोन पासपोर्ट म्हणजे दोन दारं. पण दार तिच्यासाठी उघडतं, आणि तिच्या मागून मला आत घ्यायचं की नाही, हे तिने कोणत्या दारावर टकटक केली त्यावर ठरतं. जो देश तिचा नाही पण आमचं लग्न मानतो, तिथे ती परकी, आणि मी त्या परकीची रीतसर बायको. आम्हाला जोडीने परवाना मिळू शकतो. जिथे ती जन्मली, जिथे तिला कोणी 'कधी परत जाणार?' असं विचारू शकत नाही, तिथे मी तिची कोणीच नाही. ती घरची आणि मी पाहुणी, तीही नव्वद दिवसांची.

हे आमचंच रडगाणं आहे असं समजू नका. तुमच्या दप्तरांत याची उदाहरणं पडून आहेत. एड्रियन कोमान यांच्याकडे रोमानियाचं आणि अमेरिकेचं असं दोन्ही नागरिकत्व होतं. रॉबर्ट क्लेबर्न हॅमिल्टन अमेरिकी. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ओळख झाली, २०१० मध्ये ब्रसेल्सला लग्न झालं. पुढे दोघांना रोमानियात राहायचं होतं, म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं की हॅमिल्टन यांना तीन महिन्यांपेक्षा जास्त राहता येईल का. उत्तर आलं, नाही. रोमानियाचा कायदा हे लग्न ओळखत नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ जून २०१८ रोजी निकाल लागला : मुक्त संचाराच्या, म्हणजे संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जाऊन राहण्याच्या, कायद्यातला 'जोडीदार' हा शब्द स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, तेव्हा सदस्य देशाला हे लग्न निदान राहण्याच्या हक्कापुरतं मानावं लागेल. एका साध्या प्रश्नाला साडेपाच वर्षं लागली.

पण त्या निकालातली मेख नीट वाचा. कोमान यांना हा हक्क मिळाला तो ते रोमानियाचे नागरिक आहेत एवढ्यावरून नाही. ते रोमानियातून बाहेर पडले, दुसऱ्या सदस्य देशात राहिले, तिथे संसार थाटला आणि मग परत यायला निघाले, म्हणून मिळाला. हा रस्ता जुना आहे. १९९२ मध्ये सुरिंदर सिंग नावाच्या भारतीय माणसाच्या खटल्यात तो पहिल्यांदा पडला. त्यांची बायको ब्रिटिश, आणि ब्रिटन तेव्हा संघात होता; दोघं जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले, तेव्हा न्यायालय म्हणालं की परत येणाऱ्या नागरिकाला आपला जोडीदार सोबत आणण्याचा हक्क आहे. इमिग्रेशनच्या वकिलांत अजूनही तो 'सुरिंदर सिंग रूट' म्हणूनच ओळखला जातो.

आणि दोन पासपोर्ट असूनही जो जागचा हललाच नाही, त्याचं काय? २०११ च्या मॅकार्थी खटल्यात ते स्पष्ट झालं. ब्रिटिश आणि आयरिश अशी दोन्ही नागरिकत्वं असलेली बाई आयुष्यभर ब्रिटनमध्येच राहिली. नवऱ्यासाठी तिने आयरिश पासपोर्ट पुढे केला. न्यायालय म्हणालं, तुम्ही कुठे गेलाच नाहीत, तेव्हा मुक्त संचाराचा कायदा तुम्हाला लागू नाही. नवरा-बायकोचं प्रकरण होतं, म्हणजे फक्त आमच्यासारख्यांची ही अडचण आहे असं नाही. पण स्त्री-पुरुष जोडप्याला निदान देशाचा स्वतःचा कुटुंब-व्हिसा तरी उरतो, भले त्यात पगाराच्या अटी असोत. आमचं लग्न न मानणाऱ्या देशात तोही उरत नाही.

उलटही घडतं. २०१७ च्या लूनेस खटल्यात स्पॅनिश बाई १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये आली, २००९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाली, स्पॅनिश नागरिकत्व ठेवलं, आणि २०१४ मध्ये एका अल्जीरियन माणसाशी लग्न केलं. ब्रिटनने म्हटलं, तू आता आमची झालीस, तेव्हा युरोपीय म्हणून मिळणारे हक्क संपले. म्हणजे ज्या देशाला ती इतकी आपली मानू लागली की त्याचं नागरिकत्व घेतलं, त्याच कारणाने तिच्या नवऱ्याचा पाय निसटला! न्यायालयाने संघाच्या मूळ कराराचा आधार देऊन त्याला वाचवलं. पण विचार करा, दोघांपैकी कोणी चुकलं होतं का?

परवाचंच म्हणावं असं प्रकरण पोलंडचं. दोघे पुरुष पोलिश नागरिक, त्यातल्या एकाकडे जर्मनीचंही नागरिकत्व. २०१८ मध्ये बर्लिनला लग्न झालं. पोलंडच्या नोंदवहीत ते उतरवून घ्या म्हटलं, तर नकार. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की तुमच्या देशात असं लग्न लावायला आम्ही सांगत नाही, पण दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर झालेलं लग्न तुम्हाला मानावं लागेल. निकाल वाचून माझी बायको म्हणाली, "म्हणजे ते नवरा-नवरा आहेत हे कळायला सात वर्षं लागली." मी म्हटलं, त्यांना नाही, नोंदवहीला.

युरोपच्या बाहेर तर असं न्यायालयही नाही, जे दोन देशांच्या डोक्यावर बसून काही सांगेल. हाँगकाँगमध्ये एक बाई कामाच्या व्हिसावर गेली, तिची जोडीदार सोबत गेली. दोघींची नागरी भागीदारी, म्हणजे लग्नासारखंच कायदेशीर नातं, इंग्लंडमध्ये २०११ मध्ये नोंदलेली. सोबत गेलेलीला अवलंबितांचा व्हिसा नाकारला, मग ती काम करायची मुभा नसलेली पर्यटक म्हणून राहिली. जुलै २०१८ मध्ये तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने हा भेदभाव असल्याचं एकमताने सांगितलं. तिथे जोडप्यातली दोघंही परकी होती, हे मला त्यात पुन्हा दिसतं. परक्यांसाठी दार आधी किलकिलं होतं.

आता तुमच्यातल्या परराष्ट्र खात्यांसाठी. १९३० चा हेगचा नागरिकत्वविषयक करार तुम्हाला पाठ असेल. त्याचं कलम ४ म्हणतं की एखाद्या माणसाकडे दोन देशांचं नागरिकत्व असेल, तर त्यातल्या एका देशाविरुद्ध दुसरा देश त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. प्रवाशांसाठीच्या तुमच्या सूचनांमध्ये हे एका ओळीत असतं : 'दुसऱ्या नागरिकत्वाच्या देशात असताना आम्ही मदत करू शकू असं नाही.' ही ओळ मी दहा वेळा वाचली असेल. आमच्या घरात तिचा अर्थ असा होतो की ज्या देशाने आमचं लग्न लावलं, त्याची वकिलात माझ्या बायकोच्या जन्मदेशात तिच्या कामाची नाही, कारण तिथे ती जन्मदेशाचीच नागरिक. आणि ती वकिलात माझ्याही कामाची नाही, कारण मी त्या देशाची नागरिकच नाही. आमचं लग्न लावून देणारा देश, आणि त्याचा दूतावास आम्ही राहणार त्याच शहरात, पण तिथल्या पायरीवर आमच्यापैकी एकीचंही काम नाही. जगात साठच्या वर देशांत समलिंगी संबंध अजून गुन्हा आहेत. तिथे नागरिकत्व असलेल्यांना ही एक ओळ किती जड जात असेल!

नावाचीही एक गंमत आहे. खरं तर गंमत नाही. लग्नानंतर माझ्या बायकोने माझं आडनाव लावलं. दुसऱ्या देशाने ते पासपोर्टवर बदलून दिलं. पहिल्या देशाने दिलं नाही, कारण त्यांच्या लेखी लग्नच नाही, मग नाव कशावरून बदलणार? आता एका पासपोर्टवर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं. तिकीट एकाच नावाचं निघतं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही फोटो पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

पहिल्या देशाचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला, तर वैवाहिक स्थितीचा रकाना. खाली छापलेलं : 'वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.' 'विवाहित' लिहिलं तर त्या देशाच्या कायद्याने खोटं. 'अविवाहित' लिहिलं तर दुसऱ्या देशाच्या कायद्याने खोटं. पेन हातात धरून ती बराच वेळ बसून होती. तिने काय लिहिलं ते मी इथे सांगणार नाही, कारण हे पत्र तुम्हीच वाचणार आहात.

आता त्या भल्या बाईंच्या 'मैत्रीण'कडे येते. खिडकीवर हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि देणाऱ्याला वाटतं की आपण उपकार केला. पण तुमची दप्तरं विसरत नाहीत. आज मी 'मैत्रीण, पर्यटक' म्हणून अर्ज केला आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कुठल्या देशात 'पत्नी' म्हणून केला, तर समोरचा अधिकारी विचारणारच : लग्न तर आधीचं आहे, मग तेव्हा मैत्रीण कशी? अमेरिकेत व्हिसासाठी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली तर प्रवेशाला कायमची आडकाठी येऊ शकते. कॅनडात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी आहे. आणि कॅनडात आणखी एक नियम आहे, जो माहीत नसल्याने कित्येक घरं पोळली आहेत : कायमच्या रहिवासाचा अर्ज करताना जो जोडीदार दाखवलाच नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. २०१९ पासून काही प्रकरणांत यातून सवलत दिली जाते, पण नियम आहे तो आहे. ज्यांना आपल्या देशात जोडीदार लपवावा लागतो, ते अर्जावरही सवयीने लपवतात, आणि त्याची किंमत नेमकी तेव्हा मोजतात जेव्हा लपवायचं कारण उरलेलं नसतं. म्हणून आम्ही ते लिहिलं नाही.

मुलं झाली की गुंता आणखी वाढतो. आम्हाला मूल नाही, त्यामुळे यावर फार बोलायचा मला अधिकार नाही, पण एक प्रकरण मनातून जात नाही. एकाकडे अमेरिकेचं आणि कॅनडाचं नागरिकत्व, त्याचा नवरा इस्रायली. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा त्यांचं लग्न मानत नव्हता, म्हणून त्यांनी २०१० मध्ये कॅनडात लग्न केलं आणि तिथेच राहिले. २०१६ मध्ये जुळे मुलगे झाले, काही मिनिटांच्या अंतराने. एकाचा रक्ताचा बाप अमेरिकी, दुसऱ्याचा इस्रायली. अमेरिकी कॉन्सुलेटने पहिल्याला नागरिक मानलं, दुसऱ्याला नाही. दुसरं बाळ भावासोबत अमेरिकेत गेलं ते पर्यटक म्हणून! डायपरमधला पर्यटक. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पालक विवाहित असताना रक्ताचं नातं मागता येणार नाही, आणि २०२१ मध्ये परराष्ट्र खात्याने आपलं धोरणच बदललं. तेवढ्यात ती मुलं चालायला, बोलायला, भांडायला शिकली होती.

जाता जाता घटस्फोटाबद्दलही, कारण त्याचा विचार कोणी करत नाही. कॅनडात बाहेरून येऊन लग्न करायला रहिवासाची अट नव्हती, पण घटस्फोटासाठी वर्षभराचा रहिवास लागायचा. परत गेल्यावर आपल्या देशात लग्नच नाही, तर मोडणार काय? अशी कितीतरी जोडपी अडकून पडली. २०१३ मध्ये कॅनडाने अनिवासींसाठी वेगळा कायदा करून त्यांना सोडवलं. आमचं काही तसं नाही, बायको हे वाचून भुवया उंचावेल म्हणून लिहून ठेवते.

तुमच्याकडे मी आज लग्नाचा कायदा मागत नाही. तो मागायची जागा वेगळी आहे, आणि तुम्ही तो करतही नाही. मागणं वकिलातीत, पाच माणसांच्या कचेरीतही होईल असं आहे. कोणी दुहेरी नागरिक आपल्या जोडीदारासह तुमच्या देशात येऊ म्हणाला आणि त्याने विचारलं, 'तिथे माझा जोडीदार माझा कोण असेल?', तर त्याला निघण्याआधी लेखी उत्तर द्या. सही-शिक्क्याचं. त्यात कोणत्या पासपोर्टवर यावं लागेल ते लिहा. काही देश, अमेरिकेसारखे, आपल्या नागरिकाने आपल्याच पासपोर्टवर आलं-गेलं पाहिजे असं म्हणतात. जोडीदाराला कोणत्या नावाखाली किती दिवस राहता येईल, काम करता येईल का, ते लिहा. मुख्य माणूस इस्पितळात बेशुद्ध पडला तर त्याच्या खाटेजवळ कोणाला जाऊ देणार, ते लिहा. आणि उत्तर 'नाही' असेल तर तसं 'नाही' लिहा. 'प्रकरणपरत्वे निर्णय घेतला जाईल' हे वाक्य मी जमा करते. माझ्याकडे आता अशी चार पत्रं आहेत, चार वेगवेगळ्या कचेऱ्यांची, शब्दही जवळजवळ तेच. नकाराला वकील लावता येतो. 'प्रकरणपरत्वे'ला काय लावणार?

आणि ती यादी. संगणकातली एक अट काढून टाकली की 'पत्नी' करडी होणार नाही. कायद्याने हक्क द्यायचा नसेल तर नका देऊ, पण नोंद तरी खरी होऊ द्या. अर्जावर आम्ही 'पत्नी' म्हणू आणि तुम्ही 'अमान्य' म्हणाल, तर निदान दोघांनीही आपापलं खरं लिहिलेलं असेल.

खिडकीवरून परतल्यावर रात्री आम्ही बायकोच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. त्यांना आम्हाला स्वीकारायला सहा वर्षं लागली, त्यामुळे त्या सरकारवर पटकन चिडत नाहीत. यादीत काय काय होतं ते त्यांनी वाचून दाखवायला लावलं. 'सून' आलं तशा म्हणाल्या, "मग मी बोलावते की. माझी सून म्हणून." आम्ही नियम काढून पाहिला. सुनेची व्याख्या : मुलाची पत्नी. त्यांना मुलगा नाही.

अर्ज अजून तुमच्याकडे पडून आहे. नात्याच्या रकान्यात 'इतर' आहे आणि तीस अक्षरांच्या चौकटीत आम्ही 'पत्नी' लिहिलं आहे, त्यामुळे बरीच जागा मोकळी आहे. तिथे तुम्हाला काय लिहायचं असेल ते लिहा, पण लवकर लिहा. आई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. उत्तर दोघींच्या नावाने पाठवा. पाकीट एकच चालेल, आमचा पत्ता एकच आहे.

आपली,
एक अर्जदार
(अर्जात : 'इतर')